थोरली आणि धाकटी

जेवणं चालू असतानाच गोरक्षनाथ म्हसे यांनी मोबाईल ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "ही गाडी घ्यायची म्हनतोय मी."

मुलगा हर्षल, सून रुपाली आणि गोरक्षनाथांची थोरली बहीण बनुबाई, तिघंही फोटोवर वाकली. लांबट नाकाची, उघडी, लहानशी मोटार. मडगार्डं लाटेसारखी वरून खाली आलेली, सायकलीला असतात तशी तारांची उंच चाकं, मागे पेट्रोलची टाकी पेटीसारखी बाहेरूनच बांधलेली.

"अण्णा, ही खरी हाय का खेळण्यातली?" हर्षलने विचारलं.

"खरी. एमजी म्हनत्यात तिला. विलायती हाय, पंच्याहत्तर वर्सं झाली तिला. त्या काळात पोरंपोरी शर्यतीला न्यायची असली गाडी."

"त्यापेक्षा नवी सात सीटर घेऊ की. सगळ्यांना बसता येईल."

बनुबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "मी कुठं बसायचं रं हिच्यात?"

"मागं सीटच न्हाई, अक्का. दोघांचीच गाडी हाय."

बायको पुष्पावती चुलीपाशी होती. ती भाकरी घेऊन आली आणि थांबली. "दोघांचीच म्हंजे?"

"म्हंजे चालवनारा आन् शेजारी एक."

"तिसरं मानूस बसतच न्हाई?"

"न्हाई."

"रोपांचे ट्रे? खताची गोनी?"

"काईच ठेवता येत न्हाई."

पुष्पावतीने भाकरी नवऱ्याच्या ताटात वाढली. "मग घ्या," ती म्हणाली आणि परत चुलीकडे गेली.

गोरक्षनाथांना हे अपेक्षित नव्हतं. बायको नको म्हणेल, मग आपण आठवडाभर समजूत घालू, असं त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. पण पुष्पावतीचा हिशोब वेगळा होता. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली, तरी ती दोघं मिळून कुठे गेली असं कधी झालं नव्हतं. लग्नानंतर जेजुरीला गेले तेव्हा जीपमध्ये दोघांच्या मधे बनुअक्का बसल्या होत्या. राजदूत मोटारसायकल घेतली तेव्हा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले असायचे. पुढे राहुरीजवळ, मुळा धरणाच्या कालव्यालगतच्या त्यांच्या शेतात उसाच्या रोपांची नर्सरी उभी राहिली. धंदा वाढला, पिकअप आली, आणि मग तर प्रवास म्हणजे रोपं पोचवणं एवढंच उरलं. गोरक्षनाथांचा हात मोडला त्या साली पुष्पावतीने पिकअप चालवायला शिकून घेतली, आणि तेव्हापासून निम्म्या गावांना रोपं तीच पोचवत होती. महाबळेश्वरला गेले होते एकदा, पण ते सगळं खानदान घेऊन. तिसऱ्या माणसाला बसायलाच जागा नाही अशी गाडी असू शकते, हे तिला माहीतच नव्हतं.

गोरक्षनाथांचं वेड मात्र जुनं. ते शाळकरी असताना नगर-मनमाड रस्त्यावर, त्यांच्या वस्तीसमोर, अशाच एका मोटारीचं चाक बसलं होतं. लष्करातला कोणी साहेब होता. त्याने जॅक लावला, तांब्याच्या हातोडीने चाकाच्या मधोमध असलेल्या एकाच नटावर दोन दणके दिले, आणि ते तारांचं चाक अलगद निघून आलं. गोरक्षनाथांनी त्याला विहिरीचं पाणी आणून दिलं होतं. साहेबाने मान हलवली, दुसरं चाक चढवलं आणि धुरळा उडवीत नगरकडे निघून गेला. एवढंच. पण पुढे ट्रॅक्टर आले, जीप आल्या, कार आल्या, तरी गोरक्षनाथांच्या डोळ्यांपुढून ती मोटार हलली नाही. जुन्या मोटारींच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते कित्येक वर्षं नुसते फोटो बघत होते. हातात चार पैसे खेळायला लागले होते आणि साठीही उलटली होती. आता नाही तर कधी, असं त्यांना वाटू लागलं.

आणि त्याच हिवाळ्यात आपल्याच जिल्ह्यात एक सोडून दोन गाड्या विक्रीला निघाल्या. दोन्ही एमजी, पण सख्ख्या बहिणी असाव्यात तशा. थोरली टीसी, नगरला भिंगारमध्ये. साहेबाची गाडी अशीच होती, उंच तारांच्या चाकांची. धाकटी टीडी, तिकडे अकोले तालुक्यात. ती टीसीनंतर काही वर्षांनी निघालेली. तिची चाकं लहान, साध्या पत्र्याची. पण खालचे स्प्रिंग सुधारलेले, स्टिअरिंग हलकं, बसायला ऐसपैस. किमतीत फारसा फरक नव्हता. ग्रुपवरच्या जाणत्यांनी सांगितलं, "बघायला टीसी, चालवायला टीडी."

"दोन्ही बघू," गोरक्षनाथ म्हणाले. पण त्यांनी मनात थोरली कधीच घेऊन टाकली होती.

दोघं आधी भिंगारला गेली. तिथे शामकांत धर्माधिकारी यांच्या बंगल्यात गाडी होती. शामकांत म्हणजे निवृत्त इंजिनिअर, किडकिडीत, उंच, बोलायला मोकळे. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. त्यांनी गॅरेजचं दार सरकवलं आणि वरची चादर ओढून काढली.

गाडी गडद हिरवी होती. रंग जुना, काही ठिकाणी बोटांनी पुसट झालेला, पण चाकांच्या तारा लखलखत होत्या. गोरक्षनाथ तिच्याभोवती एकदा फिरले, मग उकिडवे बसून त्यांनी पुढच्या चाकावर नुसता हात ठेवला. बराच वेळ ते उठलेच नाहीत. शामकांतांच्या पत्नी अंबिकाबाई चहा घेऊन आल्या.

"बसा ना आत," शेवटी शामकांत म्हणाले.

दाराची बिजागरी मागे होती, त्यामुळे दार उलटं उघडायचं. गोरक्षनाथ आत शिरले तेव्हा मोठं स्टिअरिंग त्यांच्या पोटाला टेकलं. ते त्यांनी चालवून घेतलं असतं. खरी पंचाईत खाली झाली. गोरक्षनाथांचा पाय म्हणजे पसरट, शेतात वाढलेला पाय; चपलासुद्धा त्यांना सांगून बनवून घ्याव्या लागत. आणि त्या गाडीची तिन्ही पेडलं एका अरुंद बोगद्यात, एकमेकांना खेटून.

शामकांतांनी गाडी कशी सुरू करायची ते सांगितलं. इंजिनाने दोनदा खोकून आवाज धरला. गोरक्षनाथांनी क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी हलली आणि जागीच गचकन थांबली. क्लचबरोबर ब्रेकवरही पाय पडला होता.

"होतं असं," शामकांत म्हणाले. "चपला काढून बघा."

चपला काढल्या. गाडी फाटकाबाहेर गेली. रस्त्यावर ब्रेक मारायला गेले तर एक्सिलेटर दाबला गेला, आणि गाडी समोरच्या भाजीच्या हातगाडीवर चालून गेली. हातगाडीवाल्याने कोथिंबिरीची जुडी हवेत फेकली आणि बाजूला उडी मारली. हातगाडीला काही झालं नाही. मग उजवा पाय तिरका ठेवून बघितला, टाचेवर ठेवून बघितला. कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी परत आली तेव्हा गोरक्षनाथ घामाने निथळत होते. पुष्पावती शेजारच्या सीटवर समोरचा दांडा धरून बसली होती.

"सवय होईल," गोरक्षनाथ म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं की होणार नाही.

शामकांतही ओशाळले. "ही गाडीच जरा अडनिडी आहे हो. आमच्याकडे एकजण येऊन गेला, त्याला तर आत बसताच आलं नाही." मग त्यांनी पुष्पावतीकडे बघितलं. "वहिनी, तुम्हाला येते का गाडी?"

"पिकअप चालवते."

"मग जा की एक फेरी मारून."

पुष्पावतीने नवऱ्याकडे बघितलं. गोरक्षनाथ उतरले आणि वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले. तिने पदर कमरेला खोचला, चपला काढून सीटमागे टाकल्या आणि पाय आत घेतले. तिचे लहानसे पाय त्या बोगद्यात असे बसले, जणू माप घेऊनच पेडलं बसवली होती.

पहिल्या वळणावर स्टिअरिंग थोडं सैल लागलं तेव्हा ती दचकली, पण मग तिच्या लक्षात आलं की हिला घट्ट धरायचं नाही, नुसतं सांगत राहायचं. भिंगार मागे पडलं. पाथर्डीच्या रस्त्याला लागल्यावर तिने तिसरा टाकला, मग चौथा. वारा तोंडावर येत होता. दार इतकं खाली कापलेलं की हात बाहेर सोडला तर रस्त्याला लागेल असं वाटत होतं. प्रत्येक खड्डा थेट कंबरेला कळत होता.

"किती हाय?" ती ओरडली.

"काय?"

"स्पीड! मला दिसंना. माझ्यापुढं दुसराच काटा हाय."

गोरक्षनाथांनी बघितलं. वेगाची तबकडी त्यांच्या समोर होती, शेजारच्या माणसासमोर. गाडीच तशी घडवलेली होती. "पस्तीस!" ते ओरडले. "मैलात हाय पन! म्हंजे छप्पन-सत्तावन धर!"

आणि पुष्पावती हसली. तोंडावर पदर न घेता, मोठ्याने, वाऱ्याला हरवून ऐकू येईल एवढं. गोरक्षनाथांनी तिच्याकडे बघितलं. केस सुटलेले, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी येत होतं, आणि ती हसत होती. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर तिने त्याला हात केला.

परत आल्यावर ती गाडीतून उतरली, चपला घातल्या, पदर सोडून नीट केला. "छान हाय," ती शामकांतांना म्हणाली. "कळवतो आमी."

घरी जाताना गोरक्षनाथांच्या मनात तीच गाडी घोळत होती. राग नव्हता. पण ज्या गाडीसाठी एवढी वर्षं जीव टाकला, ती आपल्याला जुमानत नाही आणि बायकोच्या हाताखाली पाळलेल्या गाईसारखी चालते, हे त्यांना पचत नव्हतं. रात्री हर्षलला सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय, अण्णा. चांगला मेकॅनिक बघू. पेडलं कापून बारीक करून देईल तो."

"माझ्या पायापायी तिचे पाय कापायचे?" गोरक्षनाथ म्हणाले. "ते काई जमायचं न्हाई."

पुढच्या रविवारी दोघं अकोल्याला गेली. संगमनेर ओलांडल्यावर डोंगर जवळ येऊ लागले आणि भाताची रिकामी खाचरं दिसायला लागली. धाकटी गाडी अवधूत वाकचौरे नावाच्या तरुणाकडे होती. भंडारदऱ्याच्या वाटेवर त्याचं छोटंसं पर्यटक निवास होतं. आलेल्या पाहुण्यांना फोटो काढायला म्हणून त्याने गाडी आणली होती. आता त्याला जुळी मुलं झाली होती आणि दोन सीटांच्या गाडीचा त्याला काही उपयोग उरला नव्हता.

"घेऊन जा लांबपर्यंत," अवधूत म्हणाला. "धरणाच्या रस्त्याला घाला. घाईनं आणू नका."

धाकटी सायीच्या रंगाची होती, नीटनेटकी. गोरक्षनाथ आत बसले तर स्टिअरिंग आणि पोटात चांगलं बोटभर अंतर राहिलं. पाय तिन्ही पेडलांवर वेगवेगळे पडले. दोन्ही तबकड्या त्यांच्याच समोर. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि चढाला लागली. वळणं येत होती, गाडी हाताला लगेच वळत होती. खड्डे स्प्रिंग गिळून टाकत होते. जलाशयाचं पाणी झाडांमधून दिसायचं, लपायचं. भिंगारहून परतल्यापासून गोरक्षनाथांना पहिल्यांदा मोकळं वाटलं. त्यांनी गाणं नाही, पण गुणगुणल्यासारखं काहीतरी सुरू केलं.

"बरं वाटतंय का बसायला?" त्यांनी विचारलं. ओरडावं लागलं नाही.

"व्हय, बरं हाय की. काईच हादरत न्हाई."

एका पठारावर गाडी थांबवून त्यांनी पुष्पावतीला चालवायला दिली. तिने सफाईने चालवली, परत आणून लावली.

"कशी वाटली?"

"चांगली हाय. ऐकती. आपल्या पिकअपवानी."

गोरक्षनाथांनी मान हलवली. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण त्यांना काहीतरी टोचलं. अवधूतला त्यांनी संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणून सांगितलं आणि दोघं अकोल्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका हॉटेलात जेवायला थांबली. पत्र्याची शेड, बाकडी, समोर भाताच्या रचलेल्या गंजी. पिठलं-भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आला.

"मग सांगायचं का त्या पोराला?" पुष्पावतीने विचारलं. "चांगलं मानूस हाय. उगं टांगून नका ठिवू."

"तुला कंची आवडली?"

"मला काय इचारता? वेड तुमचं हाय. धाकटी तुमाला चालवता येती. तीच घ्या."

"ते बरोबर हाय. पन तुला कंची आवडली?"

पुष्पावतीने भाकरीचा तुकडा मोडला आणि ठेच्यात बुडवून तसाच हातात धरला. "खरं सांगू का? थोरली. पन आता ते मनात धरू नका तुमी. एवढी वर्सं तुमी वाट बघितली, आन् मी येऊन तुमची गाडी चालवायची, तुमी शेजारी बसायचं, हे मला बरं वाटत न्हाई."

"थोरलीत हादरे किती बसत हुते. तुझी कंबर दुखली असंल."

"दुखली ना. दोन दिस दुखत हुती." ती हसली. "आवं, मी पिकअप घेऊन निघते तवा कुठं जायचं, किती वाजता पोचायचं, परत येताना काय आनायचं, सगळं ठरल्यालं असतं. कोपरगाव तर कोपरगाव, शेवगाव तर शेवगाव. त्या दिवशी मला कळतच नव्हतं कुठं चाललोय. नुसतं चाललोय. पाथर्डी आली असती तरी मला कळलं नसतं. आन् माझं मलाच हसू येत हुतं." मग एकदम ती गंभीर झाली. "पन धाकटीबी चांगली हाय. तुमी तिच्यात किती खुशीत हुता. मी बघत हुते की."

गोरक्षनाथ पिठल्यात बोट फिरवत बसले. ते खुशीत होते हे खरंच होतं. धाकटी घेतली तर रोज सकाळी ते स्वतः तिला बाहेर काढतील, राहुरीत नेतील, लोक बघतील, विचारतील. थोरली घेतली तर लोक बघतीलच, पण स्टिअरिंगवर पुष्पावती असेल. चौकात पोरं हसतील. भाऊबंद तर वर्षभर चघळतील. त्यांनी हे सगळं डोळ्यांसमोर आणून बघितलं आणि त्यांना नवल वाटलं, की त्यांना ते वाटलं होतं तेवढं लागत नव्हतं. जे लागत होतं ते दुसरंच होतं. पस्तीस वर्षांत त्या दिवशीसारखं हसताना त्यांनी आपल्या बायकोला बघितलं नव्हतं, आणि त्यासाठी त्यांनी स्वतः कधी काही केलंही नव्हतं.

"तिथं त्या पठारावर," ते सावकाश म्हणाले, "मी गाडी थांबवली. खाली उतरलो. तू चालवत गेलीस, मी तिथंच उभा हुतो. चांगली गाडी हाय. पन मी परत एकदा वळून तिच्याकडं बघितलं न्हाई. शेळ्या चाललेल्या त्या बघत बसलो."

"मग?"

"मग काय. थोरलीवरनं माझी नजर हटत नव्हती. चालवता येवो न येवो. मला तीच पाहिजे, आन् तुलाबी तीच पाहिजे. मंग धाकटी कुनासाठी घ्यायची? माझ्या पायासाठी?"

"आन् तुमी काय करनार?"

"शेजारी बसनार. स्पीड सांगनार."

"करमंल का तुमाला?"

"आता ते बसल्यावर कळंल. मला शेजारी बसायचा सराव न्हाई. शिकंन."

पुष्पावतीने हातातला तुकडा शेवटी तोंडात टाकला, आणि ठेचा तिखट लागला म्हणून की कशाने, तिने डोळे पुसले. मग तिने वेटरला हाक मारून गोरक्षनाथांसाठी आणखी एक भाकरी सांगितली, त्यांनी न मागता.

अवधूतला त्यांनी तिथूनच फोन केला. त्याने वाईट वाटून घेतलं नाही. संगमनेरचा एक डॉक्टर त्याच्या मागे होताच. नंतर शामकांतांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनीच चालवणार ना? मग माझी काही हरकत नाही. गाडी चांगल्या पायांत चालली." आणि फोनवरच मोठ्याने हसले.

गाडी घरी आली त्या दिवशी नर्सरीतल्या सगळ्या बायका कामं टाकून बांधावर जमल्या. हर्षलने नारळ फोडला. बनुअक्कांनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि मग कुणी काही म्हणायच्या आत डाव्या सीटवर जाऊन बसल्या. पुष्पावतीने त्यांना कालव्यापर्यंत नेऊन आणलं. उतरताना अक्कांना आधार द्यायला दोघं लागली.

"काय वाटलं, अक्का?" रुपालीने विचारलं.

"हाडं खिळखिळी झाली बाई माझी," अक्का म्हणाल्या. "तुमचं तुमाला लखलाभ. मी आपली पिकअपमधीच बरी."

सुरुवातीला गोरक्षनाथांना जड गेलं. त्यांचा उजवा पाय उगीचच ब्रेक शोधायचा. समोर ट्रक आला की ते "हळू, हळू" म्हणायचे, आणि पुष्पावती गाडी बाजूला घेऊन शांतपणे विचारायची, "उतरता का?" मग त्यांनी तोंड आवरायला शिकून घेतलं. राहुरीच्या बाजारात एक-दोघांनी टोमणे मारलेच. "काय अण्णा, क्लीनर झाला का काय?" गोरक्षनाथ म्हणायचे, "व्हय. जागा हाय का तुझ्याकडं कुठं?" पुढे पुढे लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं. पेट्रोल भरणं, तारांमध्ये अडकलेला चिखल काढणं, निघताना इंजिनाचं तेल बघणं, हे सगळं त्यांनी आपल्याकडे घेतलं. आणि शेजारी बसल्यावर रस्ता किती दिसतो याचंही त्यांना नवल वाटायला लागलं. ज्या रस्त्यावरून आयुष्यभर गेले, त्याच्या कडेला एवढी बाभळीची झाडं आहेत, एवढे जुने मैलाचे दगड आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी पुष्पावती म्हणाली, "खर्ड्याला जाऊ या का?" खर्डा तिचं माहेर, पार तिकडे जामखेडच्या पलीकडे. रस्ता लांबचा. मधे नगरला शामकांतांकडे चहाला थांबायचं ठरलं.

पहाटे धुक्यात निघाले. दोघांनी कानटोप्या घातल्या होत्या आणि गोरक्षनाथांनी मांडीवर शाल घेतली होती. नगरला अंबिकाबाईंनी गरम उपमा खाऊ घातला आणि शामकांतांनी बॉनेट उघडून उगीचच आत डोकावून घेतलं. नंतर उन्हं वर आली. कडा गाव सोडल्यावर माळ लागला, ज्वारी हुरड्याला आलेली. रस्ता सरळ आणि रिकामा होता.

"किती?" पुष्पावतीने विचारलं.

"चाळीस."

"आता?"

"पंचेचाळीस. बास की आता."

"बास कशाला?"

गोरक्षनाथांनी दांडा घट्ट धरला आणि काट्याकडे बघत राहिले. "पन्नास!" ते ओरडले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपणही हसतो आहोत.

खर्ड्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. किल्ल्याच्या तटाजवळून गाडी वळली आणि गल्लीत शिरली, तशी मागे पोरंटोरं धावायला लागली. पुष्पावतीचा भाऊ भीमा ओसरीवरून धावत बाहेर आला. त्याच्या मागून त्याची बायको अश्विनी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. बहीण आली म्हणून भीमा सरळ डाव्या दाराशी गेला, उलटं दार कसं उघडायचं ते न कळून दोनदा ओढलं, आणि आत बघितलं तर कानटोपी घातलेले, धुळीने पांढरे झालेले दाजी.

"दाजी तुमी हिकडं? मंग आक्का कुठं हाय?"

"पलीकडं बघ," गोरक्षनाथ म्हणाले.

पुष्पावती पलीकडून उतरत होती. पायात चपला नव्हत्या, नाक लाल झालेलं, कानटोपीखालून सुटलेल्या केसांत माळावरची धूळ. भीमा तिच्याकडे बघतच राहिला. अश्विनी तांब्या घेऊन आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे, आणि दोघांमध्ये घोटाळून उभी राहिली.

"आधी ह्यांच्यावरनं उतरून टाक," पुष्पावती म्हणाली. "लई भ्यालेत."

"न्हाई न्हाई," गोरक्षनाथ सीटमधून उठण्याचा प्रयत्न करत म्हणाले. कंबर आखडली होती, पाय बधिर झाले होते. "आधी मला कुनीतरी बाहेर काढा."

भीमाने एका हाताला धरलं, पुष्पावती वळसा घालून आली आणि तिने दुसऱ्या हाताला धरलं. गल्लीतली माणसं हसत होती, पोरं चाकांच्या तारांना बोटं लावत होती. गोरक्षनाथ उभे राहिले, त्यांनी शाल झटकली आणि बायकोबरोबर ओसरीची पायरी चढले. आत चहाचं आधण ठेवलेलं होतं.